मोठा सुरा घ्यावा का? आधी लाकूड बघा

पत्राचा सारांश : तिशीतले एक वाचक लिहितात : वर्षातून पाच-सहा वेळा मित्रांबरोबर डोंगर-जंगलात मुक्कामाला जातो. तंबू असतो, स्टोव्ह असतो आणि परवानगी असेल तिथे संध्याकाळी शेकोटी. आजवर घडीच्या छोट्या चाकूवर भागलं. पण गेले काही महिने पंचवीस सेंटिमीटर पात्याचा जाडजूड सुरा घ्यायचं डोक्यात बसलंय. व्हिडिओंमध्ये लोक त्याने झाड पाडतात, ओंडके फोडतात, त्यानेच चमचेही कोरतात. मित्र म्हणतो, एक दणकट सुरा घे, मग दुसरं काही लागत नाही. बायको म्हणते, हे मोठ्या मुलांचं खेळणं आहे. एखादं जनावर आलंच तर हाताशी काहीतरी असावं असंही वाटतं. घ्यावा का? घेतला तर न गंजणारा घ्यावा का? आणि पाठीवर करवतीचे दाते असलेला बरा का?

उत्तर :

नमस्कार. तुम्हाला हवा असलेला सुरा पत्रात नीट दिसतो : लांबी, जाडी, दातेसुद्धा. त्याने तुम्हाला नेमकं काय कापायचं आहे, ते मात्र कुठेच दिसत नाही. घ्यावा की नाही, याचं उत्तर दुकानातल्या पात्यावर अवलंबून नाही. तुमच्या मुक्कामाच्या जागी पडलेलं लाकूड किती जाड, किती ओलं आणि किती कठीण आहे, यावर ते अवलंबून आहे.

आधी मित्राच्या ‘एकच हत्यार पुरे’ या म्हणण्याकडे वळू. ज्या लोकांचं खरोखर मोठ्या पात्यावाचून चालत नाही, त्यांच्याकडे बघा. नेपाळी खुकरीच्या म्यानात दोन छोटी अवजारं खोचलेली असतात : करडा म्हणजे लहान चाकू आणि चकमक म्हणजे धार सारखी करायची बोथट पट्टी. उत्तर युरोपातले सामी लोक बर्चच्या फांद्या तोडायला लेउकू नावाचा लांब सुरा बाळगतात, पण बारीक कामाला त्यांच्या कमरेला दुसरा छोटा चाकू असतो. मलाय मुलुखातला परांग ओल्या वेली आणि हिरव्या झुडपांसाठी घडला. म्हणजे मोठं पातं बाळगणाऱ्यांनीही सगळं त्याच्यावर टाकलं नाही, आणि प्रत्येकाचं पातं त्याच्या त्याच्या रानाला साजेसं झालं. ‘एकच हत्यार’ ही सक्ती असते तेव्हा सोबत दुसरं काही नेताच येत नाही. तुम्ही तर तंबू आणि स्टोव्ह घेऊन जाता. ही सक्ती तुमच्यावर कोणी केली?

आता तोडण्याबद्दल. व्हिडिओत सगळ्यात भारी हेच दिसतं आणि हिशेबात सगळ्यात आधी हेच पडतं. समजा, 8 सेंटिमीटर जाडीची वाळलेली फांदी आडवी तोडायची आहे. सुऱ्याने ती सरळ खाली तुटत नाही. दोन्ही बाजूंनी तिरके घाव घालून इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडावी लागते आणि ती अर्ध्यापर्यंत गेली की फांदी उलटी करून तेच पुन्हा. घाव 45 अंशांत घातले तर खाचेचं तोंड फांदीच्या जाडीएवढंच, म्हणजे 8 सेंटिमीटर रुंद होतं. यात उडणाऱ्या ढलप्या मोजल्या तर साधारण 170 घनसेंटिमीटर लाकूड निघतं. घडीच्या करवतीचा चीर दीड मिलिमीटर रुंद धरला, तर तीच फांदी कापताना भुसा निघतो साधारण साडेसात घनसेंटिमीटर. वीसपटीहून जास्त फरक! तो सगळा तुमच्या मनगटातून जातो. शिवाय करवत हातातून सुटून मांडीवर आदळत नाही.

हातकुऱ्हाडीचंही गणित वेगळं आहे. तिचं सगळं वजन दांड्याच्या टोकाला, हातापासून 30-35 सेंटिमीटरवर असतं, त्यामुळे मधला दांडा फारसं वजन न वाढवता वेग देतो. सुऱ्यात मात्र वजन पात्यभर पसरलेलं असतं आणि त्यातलं बरंच मुठीजवळ, म्हणजे जिथे वेग सगळ्यात कमी तिथेच. म्हणून 550 ग्रॅमचा सुरा तेवढ्याच वजनाच्या कुऱ्हाडीइतका खोल जात नाही. पातं जाड केलं की खोल जाईल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात 6 मिलिमीटरच्या पुढची जाडी तोडताना लाकडात अडकते आणि उरलेला वेळ पाठीवर ओझं होऊन बसते.

फोडण्यात मात्र मोठ्या सुऱ्याची खरी लायकी आहे, आणि ती मान्य करायलाच हवी. दोन दिवस पाऊस झाला की बाहेरच्या काटक्या पेट घेत नाहीत. कोरडं लाकूड मनगटाएवढ्या वाळक्या फांदीच्या पोटात असतं. ती फोडून आतल्या चिरफाळ्या काढता आल्या तर शेकोटी पेटते, नाहीतर धूर. इथे पातं लाकडाच्या डोक्यावर आडवं ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकतात. पाठ म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड. पातं आत गेलं की लाकडाबाहेर आलेल्या टोकावर ठोकत राहायचं. त्यासाठी टोकाकडे निदान 5 सेंटिमीटर पातं मोकळं राहायला हवं आणि मुठीजवळचे दोन-तीन सेंटिमीटर सोडावे लागतात. त्यामुळे 25 सेंटिमीटरच्या सुऱ्याने फार तर 17-18 सेंटिमीटर जाडीचं लाकूड फोडता येईल, 10 सेंटिमीटरच्या चाकूने 2-3 सेंटिमीटरचं.

या कामातही सुऱ्याला पर्याय आहे, आणि तो फुकटात मिळतो. छोट्या चाकूने आधी लाकडाच्या डोक्यावर एक चीर पाडा. कठीण लाकडाची 15 सेंटिमीटर लांब, 3 सेंटिमीटर जाड पाचर तासून घ्या आणि त्या चिरेत ठोका. एका पाचरेने फाकलं नाही, तर चीर जिथवर गेली तिथे बाजूने दुसरी. वेळ जास्त लागतो, पण चाकू मोडत नाही, आणि 10 सेंटिमीटर पात्यानेही मांडीएवढं लाकूड दुभंगतं. चीर पुढे गेली नाही तर बहुतेक वेळा वाटेत गाठ आलेली असते. ते लाकूड बाजूला टाका. जंगलात लाकडाचा दुष्काळ क्वचितच असतो, हट्टाचा सुकाळ मात्र असतो.

बारीक कामात मोठा सुरा अडचणच करतो. तंबूची खुंटी टोकदार करणं, दोरीसाठी काठीवर खाच पाडणं, शेकोटीसाठी लाकडाच्या पातळ साली काढणं, दोर कापणं, पाकीट उघडणं : या कामांना धार मुठीला चिकटून हवी. मोठ्या सुऱ्यांत मूठ आणि धार यांच्यामध्ये बहुतेकदा दोन-तीन सेंटिमीटर बिनधारेचा भाग असतो. तेवढ्याने जोर मनगटावर येतो आणि ताबा सुटतो. जाड पात्याने फळ कापायला जाल तर ते चिरलं न जाता तडकून दुभंगतं. चमचे कोरणाऱ्यांच्या व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही : त्या माणसाने हा सराव किती वर्षं केला आहे. तुमच्या पाच-सहा मुक्कामांत नव्वद टक्के कापाकापी याच प्रकारची असणार, असा माझा कयास आहे. चूक असेल तर पुढे एक चाचणी सांगतोय, तिने सिद्ध करा.

जनावराची भीती मनात येणं साहजिक आहे, पण त्यावर सुरा हा उपाय नाही. 25 सेंटिमीटरचं पातं उपयोगी पडेल इतकं जनावर जवळ आलं असेल, तर ते तुमच्या अंगावरच आलेलं असतं. तेव्हा कंबरेचं म्यान उघडायला लागणारे दोन सेकंद तुमच्याकडे नसतात. त्याऐवजी अन्न तंबूपासून दूर आणि बंद डब्यात, चालताना बोलणं-आवाज, रात्री डोक्याला बॅटरी, आणि दिसलंच तर न पळता मागे सरकत अंतर वाढवणं. त्या त्या रानातल्या वन कर्मचाऱ्यांना तिथल्या जनावरांबद्दल विचारा, ते एका वाक्यात नेमकं सांगतात. या एका कारणासाठी सुरा घेणार असाल, तर खरंच घेऊ नका.

आता वजनाचं बोलू. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वजन असतं. 25 सेंटिमीटर लांब, 5 मिलिमीटर जाड सुरा म्यानासकट साधारण 700 ग्रॅमच्या घरात जातो. उलट 10 सेंटिमीटरचा, अडीच-तीन मिलिमीटर जाड न दुमडणारा चाकू म्यानासकट सव्वाशे-दीडशे ग्रॅम आणि 18 ते 24 सेंटिमीटर पात्याची घडीची करवत दोनशे ते तीनशे ग्रॅम. ही जोडी साडेचारशे ग्रॅमच्या आत बसते आणि तुमच्या वर्णनातल्या मुक्कामाची जवळजवळ सगळी कामं करते. घडीचा चाकू सध्या आहेच, पण लाकूड ठोकून फोडायला तो कधीच वापरू नका. त्याचा सांधा आणि कुलूप त्या घावांसाठी नसतं. कुलूप सुटलं की पातं बोटांवर मिटतं. तेव्हा माझ्या मते तुमची पहिली खरेदी छोटा न दुमडणारा चाकू आणि करवत ही असावी, सुरा नंतर.

मग मोठा सुरा घेणं कोणाला परवडतं? जिथे वाट झुडपांनी आणि वेलींनी बुजते, जिथे हिरवी, बोटभर ते अंगठाभर जाडीची, लवचीक झाडी सतत बाजूला करावी लागते, तिथे करवत निरुपयोगी ठरते, कारण फांदी धरायला आणि ताणायला दुसरा हात लागतो. पण अशा ठिकाणीही जाडजूड सुऱ्यापेक्षा 40-45 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 2 मिलिमीटर जाड पात्याचा हलका कोयता सरस. मऊ झाडीत वेग कापतो, वजन नाही. बांबूच्या कामात, फांद्या छाटून दांडा साफ करण्यात, आणि थंडीत रोज शेकोटी पेटवावी लागते पण कुऱ्हाड न्यायची नाही, अशा ठिकाणी 22-25 सेंटिमीटरचा सुरा उत्तम. गाडीने तळापर्यंत जाणाऱ्यांना तर वजनाचा प्रश्नच नाही, पण मग त्यांनी पूर्ण दांड्याची कुऱ्हाड का नेऊ नये? आणि काहींना लोखंडाची, घडणीची, धारेची आवडच असते. ते कारण मला पूर्ण मान्य आहे. फक्त आवडीला ‘गरज’ म्हणू नका, म्हणजे निवडही चांगली होते आणि घरात वादही होत नाही.

घाई नसेल तर पुढचे तीन मुक्काम एक वही ठेवा. प्रत्येक वेळी काही कापलं की चार गोष्टी लिहा : काय कापलं, किती जाड, ओलं की वाळकं, कशाने कापलं. आणि काम अडलं असेल तर का अडलं. ‘5 सेंटिमीटरपेक्षा जाड वाळकं लाकूड फोडायला काही नव्हतं’ ही ओळ दोन मुक्कामांत आली, तर सुरा किंवा हातकुऱ्हाड यांचा विचार रास्त आहे. ‘फांदी आडवी कापता आली नाही’ अशी ओळ आली, तर करवत घ्या. वही रिकामीच राहिली तर तेही कळेल. शक्य असेल तर कोणाचा तरी सुरा एका मुक्कामापुरता मागून घ्या. तासभर तोडल्यावर हाताला फोड कुठे येतात, हे कुठल्याही वर्णनातून कळत नाही.

घ्यायचं ठरलंच, तर लांबीपासून सुरुवात करा. 20 ते 25 सेंटिमीटर. 17-18 सेंटिमीटरचे सुरे दिसायला देखणे असतात, पण तोडायला अपुरे आणि तासायला बोजड, म्हणजे त्रिशंकू. अमेरिकन मरीन सैनिकांचा 1942 साली स्वीकारलेला प्रसिद्ध चाकू याच लांबीचा होता, पण तो लढाईचा आणि छावणीतल्या किरकोळ कामांचा चाकू, सरपण फोडायचा नव्हे. जाडी 4 ते 5 मिलिमीटर पुरे. सुरा एका बोटावर तोलून बघा. तोल मुठीच्या पुढे तीन-चार सेंटिमीटरवर असेल तर घाव चांगला बसतो, अगदी मुठीतच असेल तर तो तोडायचा सुरा नाही.

पोलाद निवडताना बहुतेक जण कडकपणाला भुलतात. तोडायच्या पात्याला कडकपणापेक्षा चिवटपणा जास्त लागतो. 5160 हे वाहनांच्या कमानपाट्यांत वापरलं जाणारं पोलाद, त्यात कार्बन 0.6 टक्क्यांच्या आसपास. धक्के सोसणं हाच त्याचा पिंड, म्हणून मोठ्या सुऱ्यांना ते उत्तम. 1095 मध्ये कार्बन साधारण 0.95 टक्के, धार चांगली धरतं, पण चिवटपणा थोडा कमी. दोन्ही रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 55 ते 58 च्या दरम्यान असावीत. 60 च्या पुढची, विशेषतः डी2 सारखी पोलादं छोट्या चाकूत छान, पण गाठीवर घाव बसला की धारेचे तुकडे उडू शकतात.

तुम्ही न गंजणाऱ्याबद्दल विचारलंत. स्टेनलेस म्हणायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, आणि ते गंज लांबवतं, थांबवत नाही. समुद्राकाठी किंवा सतत दमट हवेत राहणार असाल तर स्टेनलेस घ्या. एरवी साधं कार्बन पोलाद जास्त चिवट, धार लावायला सोपं, आणि त्याला फक्त वापरल्यावर पुसायची शिस्त हवी. वापराने पात्यावर करडा-निळसर थर चढतो, तो गंज नाही, घासून काढू नका. लालसर ठिपके दिसले तर तो गंज.

सुरा मोडतो तो बहुधा मूठ आणि पातं जुळतात तिथे. पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेलं असेल तर निर्धास्त. मुठीच्या आत लपलेली निमुळती शेपटी असेल, तर ती मुठीच्या निदान तीन-चतुर्थांश लांबीपर्यंत गेलेली हवी आणि तिच्या खांद्याचे कोपरे गोलसर हवेत. काटकोनी कोपऱ्यातच चीर सुरू होते. ज्यांच्या पोकळ मुठीत काड्यापेटी, गळ आणि होकायंत्र भरलेलं असतं, ते सुरे फोडायला वापरू नका. मूठ हाताच्या रुंदीपेक्षा दोनेक सेंटिमीटर लांब आणि शेवटी किंचित खाली वळलेली असावी, म्हणजे घामेजल्या हातातून निसटत नाही. बोटांसाठी कोरलेल्या खोल खोबणी टाळा. त्या एकाच हाताला बसतात आणि पकड सरकवायला देत नाहीत. पात्याला बाजूने उजेडासमोर धरून मूठ आणि पोलाद यांत फट दिसते का बघा. फट दिसली की पाणी जाणार आणि आतून गंजणार.

वापर. आधी हातभर दांडकं सगळीकडे गोल फिरवून बघा : डोक्यावर फांदी, दोरी, मागे माणूस, काही लागता कामा नये. उभं राहून खाली घाव घालू नका. गुडघ्यावर बसा, लाकूड ओंडक्यावर ठेवा आणि घाव लाकडाच्या पलीकडच्या बाजूला घाला. घाव हुकला तर तो जमिनीत किंवा ओंडक्यात जायला हवा, मांडीत नाही. दोन मांड्या आणि त्यांच्यामधली जागा या त्रिकोणात कधीही पातं चालवू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते आणि ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव जातो. सुऱ्याची दोरी मनगटात गुंतवून जोराने तोडणंही टाळा. सुरा निसटला की तो दूर न जाता दोरीच्या टोकाला फिरून तुमच्याकडेच येतो. ओले हातमोजे, अंधार, थकवा, यातलं एकही असलं तर सुरा म्यानात. सोबत दाब देऊन बांधायची जाड पट्टी ठेवा आणि ती वापरायची कशी हे घरीच शिका : जखमेवर थेट, न सोडता दाब.

फोडताना ठोकायचं ते दांडकं लाकडाचंच घ्या, मनगटाएवढं जाड, चाळीसेक सेंटिमीटर लांब. दगडाने किंवा हातोडीने पाठ चेपते आणि पोलादाला चीर जाऊ शकते. पातं अडकलं तर पिळून काढू नका. सगळ्यात जास्त धारा याच पिळण्यात मोडतात. त्याऐवजी चिरेत पाचर ठोका, पातं आपोआप मोकळं होतं.

धारेसाठी तोडायच्या सुऱ्याला दर बाजूला 20 ते 23 अंश ठीक. छोट्या चाकूसारखी 15 अंशांची पातळ धार कठीण लाकडात वळते. कोन कसा मोजायचा? चौकोनी कागदाचा कोपरा 90 अंशांचा. तो एकदा दुमडला की 45, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो कोपरा दगडावर ठेवा, पातं त्याला टेकवा आणि तो कल हाताला शिकवा. धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ ओढा. दगडावर दोन-तीनदा फिरवल्यावर शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर कोन कमी, फक्त कडेची गेली तर जास्त. खांडं पडली असतील तर कानशीने ती सपाट करा, मग 400 चा भरड दगड, मग 1000 चा बारीक, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने. एका बाजूला घासताना दुसऱ्या कडेला बारीक बर, म्हणजे पोलादाची खरखरीत किनार, उलटते, ती बोटाने धारेपासून बाहेरच्या दिशेला सरकवून जाणवते. धारेच्या पूर्ण लांबीवर बर लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. धार लागत नसेल तर बहुधा हीच पायरी घाईत उरकलेली असते. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धार लावून घेऊ नका. कड निळी झाली की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं, तिथली धार पुन्हा टिकणार नाही. याच कारणासाठी सुऱ्याने निखारे ढकलू नयेत.

घरी सुरा पुसून, तेलाचा हलका हात फिरवून म्यानाबाहेर ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं आणि त्यातली कमावण्याची द्रव्यं पोलादाला खातात. प्लास्टिकच्या म्यानात वाळू गेली तर प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना धार घासते. ते धुऊन उलटं वाळवा. लहान मुलं असतील तर कुलपात.

कायद्याचं आधी बघा, खरेदीनंतर नाही. सार्वजनिक जागी चाकू बाळगण्याचे नियम देशागणिक आणि प्रांतागणिक बदलतात. बहुतेक ठिकाणी पात्याची लांबी, दुमडणारा की न दुमडणारा, आणि बाळगण्याचं कारण या गोष्टी बघितल्या जातात. ‘संरक्षणासाठी’ हे उत्तर अनेक ठिकाणी तुमच्याच विरुद्ध जातं. प्रवासात तो कंबरेला न लावता गाठोड्याच्या तळाशी, गुंडाळून, पटकन हाती येणार नाही असा ठेवा. विमानात जायचं असेल तर नोंदवलेल्या सामानातच. राखीव जंगलांत उभी झाडं तोडायला बंदी असते, अनेक ठिकाणी पडलेलं लाकूड उचलायलाही. म्हणजे सुरा न्यायला हरकत नसली तरी त्याने करण्यासारखं काम उरणार नाही, हेही वहीत लिहून ठेवा.

बायकोच्या ‘खेळणं’ या शब्दावर रागावू नका. तीन मुक्कामांची वही तिच्यासमोर ठेवा. नोंदी सुऱ्याच्या बाजूने असतील तर ती वाचून समजेल. नसतील, आणि तरीही हवासा वाटत असेल, तर ‘मला आवडतो म्हणून घेतोय’ एवढं सरळ सांगा.

ता. क. पाठीवरचे करवतीचे दाते नकोत. करवतीचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं मोकळं फिरतं. सुऱ्याच्या 5 मिलिमीटर जाड पाठीवर असं करता येत नाही, त्यामुळे दोन सेंटिमीटर आत गेलं की ते चिमटलं जातं. वर लाकूड फोडायला ठोकाल तेव्हा तेच दाते तुमच्या दांडक्याच्या चिंध्या करतील. पाठ सपाट, कडा काटकोनी अशी घ्या. ठिणगीची कांडी घासायला ती उपयोगी पडते. फक्त अंगठा टेकतो तेवढी जागा कानशीने गोलसर करून घ्या.